मयुरीचे सहा गुण

रीता झाडे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. आडनाव झाडे आणि शिकवायचं तेही झाडांबद्दलच, म्हणून वर्ध्याच्या त्या कॉलेजात पोरं पंधरा वर्षं गालातल्या गालात हसत आली होती. २००४ साली कॉलेजला बायोइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे जीवशास्त्राला कॉम्प्युटरची जोड देणारा, एम.एस्सी. अभ्यासक्रम मिळाला. आठ कॉम्प्युटर आले, दारावर नवी पाटी लागली, पण अल्गोरिदमचा पेपर शिकवायला माणूस मिळेना. विभागप्रमुख पुंडलिकराव सरांनी तो रीताच्या गळ्यात घातला. नागपूरला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथून नोट्सची एक फाईल आली, आणि त्या फाईलच्या जोरावर रीताने पहिलं वर्ष रेटून नेलं.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती फळ्यावर तक्ता काढत होती. डीएनएच्या अक्षरांच्या दोन माळा घ्यायच्या आणि जास्तीत जास्त अक्षरं जुळतील अशा एकीखाली एक मांडायच्या. जिथे जुळत नाही तिथे रिकामी जागा सोडायची. त्यासाठी चौकटीचौकटीत आकडे भरायचे, प्रत्येक आकडा कुठून आला त्याचा बाण काढायचा आणि शेवटी बाणांच्या मागे मागे परत यायचं. तेवढ्यात काजल नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, या चौकटीत दोन बाण येऊन राह्यले. कोणता धरू?"

तिरपा धरायचा, नोट्समध्ये तसंच आहे, असं रीता म्हणाली. काजलने मान हलवली आणि वहीत डोकं घातलं. रीताचा हात मात्र फळ्यावर तसाच थांबला. तिने दुसरा बाण धरून पाहिला. ए-टी-टी-जी खाली ए-टी-जी. रिकामी जागा पहिल्या टीखाली सोडली काय नि दुसऱ्या टीखाली सोडली काय, बेरीज तीच. उत्तरं दोन होती आणि दोन्ही बरोबर होती. तिने तास दहा मिनिटं आधीच सोडला.

मागच्या वर्षीची मयुरी तिला आठवली. आर्वीकडच्या तळेगावची, बारीक अंगाची, बोलताना खाली बघणारी मुलगी. अंतर्गत परीक्षेच्या निकालानंतर ती पेपर पाहायला आली होती. माझीही बेरीज तेवढीच येते मॅडम, असं तिने दोनदा सांगितलं होतं. रीताने पेपर हातातही घेतला नव्हता. उत्तर एकच असतं, म्हणाली होती, आणि रजिस्टर उघडून काहीतरी लिहायला लागली होती. तेव्हाही तिला शंका आली होती, ते आता स्पष्ट आठवलं. पण नोट्सच्या बाहेरचं आपल्याला येत नाही हे एका मुलीसमोर उघडं पडेल, ही भीती त्या शंकेहून मोठी होती.

कपाटातून जुने पेपर काढले. मयुरीला चाळीसपैकी सतरा. उत्तीर्ण व्हायला वीस लागत. तिसऱ्या प्रश्नावर लाल रेघ, सहा गुण गेलेले. रीताने उभ्या उभ्याच तक्ता तपासला. एकही आकडा चुकला नव्हता. त्या पेपरापायी मुलीचं वर्ष गेलं होतं आणि नंतर ती फिरकलीच नव्हती.

पुंडलिकराव सरांनी सगळं ऐकून घेतलं. गुण विद्यापीठात गेले आहेत, पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार आहे, तेवढं होऊ द्या, असं ते समजुतीने म्हणाले. रीता हो म्हणाली. बोरगाव मेघेला घरी गेली, तर भाजीत दोनदा मीठ पडलं. शेजारणीशी बोलताना तिचं लक्ष उडालं. गादीवर बसवेना, अंगणात उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच ती आर्वीमार्गे तळेगावच्या एसटीत बसली.

चौकात विचारल्यावर कळलं, मयुरी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. माडीवर, पत्र्याच्या खोलीत, सहा मुलांना ती टायपिंग सांगत होती. मॅडमला पाहून ती उठली, पण बसा म्हणाली आणि तास पुरा केला. रीता बाकाच्या टोकावर अर्धा तास पर्सचा पट्टा पिळत बसली. मुलं गेल्यावर तिने सरळ सांगितलं. तुझं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती, मी लेखी देणार आहे.

मयुरी एकेका कीबोर्डवर कापड टाकत गेली. मग तिने विचारलं, "बाकीच्यांचे पेपर पाह्यले का मॅडम?"

रीताला हे सुचलंच नव्हतं. तिने नाही म्हटलं.

"पाहून घ्या. आणि एक करा. हे माह्या बाबाले सांगा."

मयुरीच्या वडिलांचं, रूपरावांचं, बी-बियाण्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दोघी तिथे गेल्या. रीताने गिऱ्हाईक जायची वाट पाहिली नाही. तिथेच, दोन माणसांसमोर, मयुरी नापास झाली नव्हती, मी तिला नापास केलं होतं, असं सांगितलं. रूपराव हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे पोरगी खरं सांगून राह्यली होती," ते म्हणाले. "मी तिले म्हटलं, मॅडम काऊन चुकतीन? तूच चुकली असशील." मग ते मुलीकडे वळले. मयुरीने तोंड रस्त्याकडे केलं होतं. तिचे खांदे हलत होते. चहा आला, तो कुणी धड प्याला नाही.

सोमवारी रीताने सगळे अठरा पेपर काढले. आणखी दोघांचे गुण कापले गेले होते, दोघेही उत्तीर्ण होते. तिने तिघांच्या नावांनी अर्ज लिहिला आणि पुंडलिकराव सरांच्या टेबलावर ठेवला. ते तिच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. पण अर्ज त्यांनी पुढे पाठवला. विद्यापीठाने तो दोनदा परत केला, तिसऱ्यांदा घेतला. निकाल दुरुस्त व्हायला जून उजाडला.

मयुरी नवी गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा केबिनकडे आलीच नाही. रीताला ती व्हरांड्यातून दिसली. धावत जाऊन तिने तिला गाठलं आणि दुसऱ्या वर्षाला इथेच प्रवेश घे, सगळी व्यवस्था करते, असं सांगितलं.

"अमरावतीले घेतला मॅडम, एमसीएले." ती थोडी थांबली. "तुम्ही बाबाले सांगाले आलत्या, ते बरं झालं. पण इथं पुन्हा शिकाचं नाई."

बसची वेळ झाली म्हणून ती गेली. रीता फाटकापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा दोन पावलं फाटकाकडे चालली. बारा वाजता तिचा तास होता. या वर्षी पुंडलिकराव सरांनी नवा घटक घातला होता आणि तो तिला अजून अर्धाच उमगला होता. तिने वर्गात ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. रीताने खडू घेतला आणि पहिली चौकट आखायला सुरुवात केली.