भरिताच्या बियाची मडकी

रविंद्रचं वागणं मला पटलेलं नाही, मित्रांनो, आणि हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. तो समोरच उंबऱ्यावर मान खाली घालून बसला आहे.

मी एक जुनी मडकी आहे. धरणगावजवळच्या एका गावात, रविंद्रच्या आईच्या, म्हणजे द्रौपदाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा मुक्काम. मडकी म्हटलं की लोकांना पाणी नाहीतर दही आठवतं. माझ्यात पाण्याचा थेंब कधी शिरला नाही. मी बियाण्याची मडकी.

नथ्थू कुंभाराने मला घडवलं, पण भट्टीत जास्त भाजलं. एका बाजूने काळी पडले म्हणून बाजारात कोणी घेईना. तेव्हा द्रौपदाबाई नव्या सून होत्या. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काळी शे, पन आवाज खरा शे." झालं, मी या घरची झाले.

माझ्या पोटात भरिताच्या वांग्याचं बी. परसातलं सगळ्यात देखणं वांगं द्रौपदाबाई झाडावरच पिवळं होऊ द्यायच्या. त्याला कोणी हात लावला तर त्याची धडगत नसे. मग बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून माझ्यात. तोंडावर मातीचा लेप, आणि ओल्या लेपावर त्यांच्या बांगडीचा ठसा.

हे बी विकायचं नाही. मागेल त्याला मूठभर द्यायचं, त्याने पीक आल्यावर मूठभर परत आणायचं. गावात याला नुसतं 'मूठ' म्हणतात. शेजारच्या कमलबाईंशी बांधावरून अबोला होता, तरी त्यांची मूठ चुकली नाही. फक्त न बोलता दिली गेली. लग्नाच्या पंगतीत भरीत वाढलं की लोक विचारायचे, "बी कोनं?" म्हणजे कोणाचं, आणि द्रौपदाबाई ऐकूच न आल्यासारखं करून आणखी एकदा विचारायला लावायच्या.

मग हितेंद्र आला. बियाण्याच्या कंपनीचा माणूस. गुळाचा वास आला की मला आधी मुंग्या आठवतात, आणि हा तर फारच गोड बोलत होता.

"अक्का, बी आमचं, खत आमचं, निघेल ते सगळं बियाणंही आम्हीच घेणार. तुम्ही फक्त पिकवायचं."

"मंग वावरबी तुमनंच का?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

हितेंद्र हसला. हसून उत्तर गिळणारा माणूस, हे मी तेव्हाच ओळखलं. चहा पिऊन झाल्यावर त्याने अट सांगितली. शिवारात दुसरं वांगं नको, परसातही नको. फुलाफुलांतून जात मिसळते.

"आई, गावभर सह्या झाल्यात," रविंद्र म्हणाला. "आपलंच परस आडवं येईल का?"

द्रौपदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उपट. मडकीमा बी शे, तोपर्यंत माले भेव नही."

त्या दिवशी गावातलं भरिताचं एकूण एक झाड गेलं. जे उरलं ते माझ्यात. माझ्यावर एवढा भार कधीच नव्हता.

हंगामभर रविंद्र राबला. बी निघालं, कंपनीने तपासायला नेलं आणि नापास म्हणून कळवलं. जात शुद्ध नाही म्हणे. एकट्या रविंद्रचंच नाही, साऱ्या गावाचं. कंपनीच्या गोदामात आधीचंच बी पडून आहे, असं लोक कुजबुजत होते. खरं-खोटं मला माहीत नाही. पण सगळी वावरं एकदम नापास कशी होतात, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. हितेंद्र तर फोनच उचलेना. वरून करारातली आणखी एक अट पुढे आली. नापास बी विकायचं नाही, पेरायचं नाही, ठेवायचं नाही. जाळायचं.

द्रौपदाबाई तेव्हा शिंदखेड्याला, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. रविंद्रने चूल पेटवली, पण बी आगीत टाकायला त्याचा हात धजेना. बी मातीत जातं, आगीत नाही, हे त्याला आईनेच शिकवलेलं. म्हणून, बियात बी लपेल असं समजून, त्याने माझं तोंड उघडलं आणि कंपनीचं बी माझ्यात ओतलं. कीड लागू नये म्हणून राख घातली, नीट कालवलं आणि वरून लेप दिला. मडकीला तोंड असतं, मित्रांनो, जीभ नसते. नाहीतर त्या दिवशी मी गाव गोळा केलं असतं.

द्रौपदाबाई परतल्या आणि पाठोपाठ कमलबाई मूठ मागायला आल्या. लेपावर बांगडीचा ठसा नव्हता. द्रौपदाबाईंनी लेप फोडला, आत हात घातला. मी गळ्यापर्यंत भरलेली.

"रविंद्र, हाई बी कोनं शे?"

त्याने खरं सांगितलं. "जाळवेना गं, आई."

त्यांनी बी तळव्यावर पसरलं. सगळं एकाच रंगाचं, एकाच आकाराचं. त्यातलं आपलं कोणतं, हे आता वांगं धरल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तोवर फुलं एकमेकांत मिसळलेली असणार.

"कमल, आज मूठ नही," त्या म्हणाल्या. कमलबाईंनी पुढे केलेला पदर मागे घेतला. असं या दारात कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी डबा, बाटली, पुरचुंडी असेल. तिच्यात काही ओतण्याआधी, आत काय आहे ते घरातल्या म्हातारीला विचारा. आणि कोणी फार प्रेमाने तुमचं परस मोकळं करायला सांगत असेल, तर त्याच्या परसात काय लावलंय ते आधी बघून या.

द्रौपदाबाईंनी मला फळीवर ठेवलं नाही. मांडीवर घेऊन बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "कंपनीनी तुना माल नापास करा, ते खरं का खोटं ते तिलेच माहीत. पन मनी मडकी तू नापास करी."