हेदाचीवाडी, बाण डावीकडे

"तारेचा घासणा ठेव खाली!" गोजर नवऱ्यावर ओरडली. "पाटीची रात्रीची चमक जाईल."

नथूनं कडेला एक फराटा ओढलाच होता.

वैशाखरे गावाच्या पुढे, वाडीचा कच्चा रस्ता फुटतो तिथली लोखंडी पाटी. पाटीभर वाढदिवसवाल्या दादांचं चिकट पोस्टर. दादांच्या हसण्याखाली कुठंतरी 'हेदाचीवाडी' आणि बाण; कडेला उघडं फक्त बाणाचं शेपूट.

"मंग थिनर आनू?"

"अक्षरं इरघळतील. गाडीवाला काय तुजं तोंड बघून वळेल?"

गेल्या वर्षी गाडी वळली नव्हती. पाटीवर असंच पोस्टर होतं. सून सरू कळा देत होती आणि ॲम्ब्युलन्स सरळ घाटाकडे गेली. माघारी फिरून आली तोवर बाळ गेलं होतं.

सरूला आता पुन्हा नववा.

गरम पाण्याचं फडकं. दाबून धरायचं, घासायचं नाही. कडा सुटली की हळू ओढायची.

"टाइम किती लावतेस!"

"तू बिडी ओढ."

कागद निघाला. डिंक राहिला, काळा, हट्टी. त्यावर खोबरेल. थांबायचं. मग बोटाचं पेर गोल गोल, नख नाही. शेवटी साबणाचं पाणी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा.

मोटरसायकल थांबली. पोस्टरं लावणारा हितेश.

"मावशी, काय केलंस गो हे? दादांचा फोटो फाडलास?"

"फाडला नाय, सोडवला. अख्खा हाय बघ. घरी ने, देव्हाऱ्यात लाव."

नथू खोकत हसला. हितेशनं पिशवीतून नवं पोस्टर काढलं.

"मला लावायलाच लागंल. वरून फोन येतो."

गोजर वळली आणि पाटीला पाठ लावून उभी राहिली.

"लाव. माज्या तोंडावर लाव."

"मावशी..."

"फोन आला का त्याला इचार, त्याच्या सुनेची गाडी कुठं वळते?"

हितेशनं गुंडाळी परत पिशवीत कोंबली. "उद्या येतो."

"ये. मी इथंच हाय."

दिवस कलला. मुरबाडकडून येणाऱ्या टेम्पोनं दिवे लावले. गोजर बाजूला झाली. नाव पांढरंशुभ्र पेटलं, अक्षर न् अक्षर. फक्त बाणाच्या शेपटाला नथूच्या घासण्याचा फराटा, तेवढा काळा.

टेम्पो गेला. पाटी विझली.

गोजरनं पुन्हा तिला पाठ लावली.