दातांसाठी कॅमेरा

तो दात बनवायचा. दुसऱ्यांचे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत भट्टी, दुसरीत टेबल, खिडकी आणि बशीत वाळत ठेवलेले चार-पाच दात. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हा दात पाठवायचा. पेशंटचं तोंड बघायची वेळ कधी यायची नाही, आणि त्याचं त्याला काही वाईटही वाटत नव्हतं.

घोळ झाला तो एका समोरच्या दाताचा. हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा वरचा दात अर्धा तुटला. डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर फोटो काढून पाठवला, याने तसा दात केला. परत आला. जास्त पांढरा. दुसरा केला. परत आला. जास्त पिवळा. तिसरा परत आला तो डॉक्टरीणबाईंचा फोन घेऊनच.

"आता चौथा शेवटचा," त्या म्हणाल्या. "हाही जमला नाही तर मी माझं काम दुसरीकडे देणार. सगळंच."

याच्याकडे येणारं निम्मं काम त्यांचंच होतं.

"मॅडम, फोटोच चुकीचा येतो. मोबाईल आपल्या मनाने दात पांढरे करतो."

"मग तुम्हीच काढा. बाईंना शुक्रवारी पाठवते तुमच्याकडे."

बायको म्हणाली, कॅमेऱ्याला वीस हजार, वर एक पैसा नाही. आणि सोबत आपल्या भावाला दिलं. मेहुण्याला घरात सगळे तज्ज्ञ म्हणायचे. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, मतं होती.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे एक म्हातारे दुकानदार होते. त्यांनी विचारलं, "कसले फोटो काढायचेत? लग्न? पक्षी?"

"दात."

"कुणाचे?"

"ज्याचे पडतील त्याचे."

दुकानदारांनी मान हलवली. यापेक्षा वाईट गिऱ्हाईकं बघितलेली असणार.

तज्ज्ञाने तेवढ्यात काचेतल्या एका कॅमेऱ्यावर बोट ठेवलं होतं. "दाजी, हा घ्या. बरोब्बर वीस हजारात बसतो."

"यात लेन्स आहे?"

"लेन्स काय, पुढेमागे घेता येते. बॉडी दणकट पाहिजे. हा सेकंदाला आठ फोटो काढतो."

"लेन्सशिवाय कशाचे काढतो?"

"तुम्ही लांबचा विचारच करत नाही."

"शुक्रवारी बाई येणारेत. मी शुक्रवारपर्यंतचा करतो."

त्याने खिशातून नमुन्याची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. सोळा दात, ओळीने, पांढऱ्यापासून पार चहा पिऊन पिऊन झालेल्या रंगापर्यंत. शेजारी कॅमेऱ्याचा पट्टा बघत उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. दुकानदारांनी एकेक करून तीन कॅमेरे, सोबत मिळते ती साधी लेन्स लावून, हातात दिले. तिन्हींत दात तांदळाच्या दाण्याएवढा यायचा. जवळ गेलं की धूसर.

मग दुकानदार खाली वाकले आणि एका खोक्यातून एक लेन्स काढली. "ही जवळच्या फोटोंची. आतली मोटर मेलीये. फोकस हाताने फिरवून करायचा. धडधाकट असती तर तुमच्या आवाक्याबाहेर होती. अशी बारा हजारांना देतो."

"बिघडलेली?" तज्ज्ञ म्हणाला. "दाजी, ताई मला घरात घेणार नाही."

"पक्षी म्हणाला असतात तर दाखवलीच नसती," दुकानदार म्हणाले. "दात कुठे पळतोय."

त्याने ती लेन्स दुकानातल्या सगळ्यात स्वस्त बॉडीवर लावून मागितली. सात हजारांची, दहा वर्षांची, मागचा पडदा ओरखड्यांनी भरलेला. पट्टीतल्या चौथ्या दाताचा फोटो काढला. दात अख्ख्या पडद्यावर आला. त्यात केसाएवढा तडा होता. सहा वर्षं ती पट्टी तो रोज हाताळत होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

"निदान बॉडी तरी नवी घ्या," तज्ज्ञ म्हणाला. "लोक बघतात."

"लोक आ करून बसलेले असतील."

एकोणीस हजार झाले. तज्ज्ञ परतताना रस्ताभर बोलला नाही, हा त्या दिवसाचा वरचा फायदा.

शुक्रवारी अकराला बाई आल्या, तोंडावर हात धरून. दोन महिन्यांत सवयच लागली होती. त्याने त्यांना खिडकीशी बसवलं, दाताशेजारी पट्टीतला नमुना धरला आणि फोकस जुळवायला स्वतःच पुढेमागे व्हायला लागला.

"हलू नका."

"मी कुठे हलतेय? तुम्हीच डुलताय मघापासून."

चाळीस फोटो काढले. मग दाराची कडी लावून तो शेजारचा धडका दात बघत बसला. कड काचेसारखी, जरा निळसर. हिरडीजवळ मधाचा रंग. मध्ये दोन पांढरे ठिपके. आधीचे तिन्ही दात त्याने भिंत रंगवावी तसे एका रंगात केले होते. म्हणजे मोबाईलचा दोष निम्माच होता. उरलेला कुणाचा, हे खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे विचारायची गरज पडली नाही. पुढचे दोन दिवस तो थरावर थर चढवत आणि भाजत राहिला.

बुधवारी बाई परत आल्या. "डॉक्टरांनी तात्पुरता चिकटवलाय. मला पसंत पडला तर पक्का करणार म्हणाल्या. मला काही कळेना. आरशात बघून बघून डोकं उठलं. म्हटलं तिऱ्हाइताला विचारू."

तिऱ्हाईत म्हणून खोलीत तज्ज्ञच होता. बिघडलेल्या लेन्सचा कॅमेरा बंद पडला का, हे बघायला आलेला.

"सांगा, कुठला बसवलेला?" बाईंनी दात दाखवले.

डावा. त्याला माहीत होतं. तो बशीतले दात उगाच सरळ करत राहिला.

तज्ज्ञ वाकला, खिडकीच्या बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. "उजवा."

"नक्की?"

"कळतोच की. वाईट नाहीये. पण चमक जरा जास्त झाली, आणि तो ठिपका बघा. दाजींना मी सांगितलं होतं, लेन्समध्ये पैसे वाचवू नका."

"हा मला सातव्या वर्षी आला," बाई म्हणाल्या.

तज्ज्ञ परत वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "मॅडम, पक्का करून टाका. हो. संध्याकाळी येते." मग थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि फोन खाली करून याला म्हणाल्या, "त्या विचारतायत, सोमवारी आणखी दोघं पाठवले तर चालतील का. दोघांचे समोरचेच आहेत."

"अकराला पाठवा म्हणावं," तो म्हणाला. "अकराला उजेड बरा असतो."