वेदवल्लीच्या रानातला पिवळा कोपरा

त्या वर्षी आमच्या कीळपुत्तूरमध्ये सगळ्यांचं भात पिवळट पडलं. एकट्या विधवा वेदवल्लीचं हिरवंगार. तिच्या बांधावर जत्रा भरली. कावेरीच्या पाटापलीकडचे लोकही येऊन तिथली माती कपाळाला लावू लागले.

कारण उघड होतं. लावणीच्या दिवशी साधू वज्रवेल सामींनी तिच्या रानात मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं. इतर अकरा रानांतही शिंपडलं होतं, पण ती कुणी मोजली नाहीत. सामी म्हणाले, या जमिनीत अम्मन देवी उतरली आहे, आता इथे नांगर चालवणं पाप, इथे मठ हवा. गावानं मान डोलावली. जमीन वेदवल्लीची होती आणि तिच्याकडे तेवढीच होती. त्यामुळे मान डोलवणं कुणाला जड गेलं नाही.

ती शाळेतल्या अरुळमणी टीचरकडे आली. रडली नाही. म्हणाली, "देवी आलीय म्हणतात, तर नाही कसं म्हणू? पण मग मी खाऊ काय?"

टीचर रानात गेल्या. एका कोपऱ्यात दोन खाटांएवढा पट्टा पिवळाच होता. सामींनी डोळे मिटून सांगितलं की तिथे विटाळ झालाय.

टीचरनी वेदवल्लीलाच विचारलं, "अक्का, लावणीआधी इथे काय होतं?"

"पेंढ्याची गंजी. म्हणून तिथे हिरवळीच्या खताचा धैंचा पेरता आला नाही."

"आणि बाकी रानात?"

"पेरला की. खत आणणं जमेना. कमरेएवढा झाल्यावर चिखलात गाडला. आई करायची तसं."

टीचरनी बांधावरचं धैंच्याचं रोप मुळासकट उपटलं, मुळावरच्या बारीक गाठी धुतल्या आणि एक नखानं फोडली. आत लालसर. या गाठींत जिवाणू राहतात, त्यांनी समजावलं; ते हवेतलं नत्र धरून रोपाला देतात, आणि रोप गाडून कुजलं की ते भाताला मिळतं. "मंतरलेलं पाणी कोपऱ्यातही पडलं होतं. धैंचा तेवढा तिथे नव्हता."

सामी म्हणाले, गाठीही देवीनेच दिल्या.

"मग त्या सगळ्यांच्याच रानात येतील," वेदवल्ली म्हणाली. "मठ कशाला?"

सामी त्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेले. पुढच्या हंगामात तेवीस घरांनी धैंचा पेरला. काहींनी बियाण्याला आधी भस्म लावलं. उगवायला त्याची काही अडचण झाली नाही.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारावं, हेच दुसरीकडे केलं तेव्हा काय झालं? आणि जिच्या रानात घडलं तिला विचारावं, बाई, तू काय केलंस? महिनाभर आम्ही वेदवल्लीच्या बांधावर उभे होतो. तिला कुणी विचारलंच नव्हतं.