मालक नसलेली चावी

सकाळी दहाला बसलेली ताई दुपारचे दोन वाजले तरी खुर्चीतून हलली नव्हती. तिची कंपनी दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा सांभाळायची. त्या कामाचे सगळे सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर, आणि त्यांत शिरायला चाव्या लागायच्या. एकेका चावीचे दोन भाग, एक सर्व्हरपाशी आणि दुसरा माणसाच्या कॉम्प्युटरवर. बारा वर्षांत माणसं आली-गेली, चाव्या मात्र साचत राहिल्या. आता सुरक्षेची तपासणी तोंडावर आली, तेव्हा साहेबांना जाग आली.

"ताई, शुक्रवारपर्यंत झाडून काढा. नको त्या चाव्या उडवा."

उडवा म्हणायला काय, जिभेला हाड थोडंच असतं. साहेब तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होते आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कधी काही उडवलं नव्हतं.

तिने काळ्या पडद्यावर कमांड लिहिली. यादी सरसर खाली धावली. तीनशे बारा. मग ती फिल्टर लावत गेली: तारखेवरून, विभागावरून, नावाच्या पहिल्या अक्षरांवरून. प्रत्येक वेळी उरलेली यादी पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. डोळे चुरचुरत होते, मान लाकडासारखी झाली होती.

"ताई, कॉम्प्युटरने गाळलंय ना? परत काय वाचता?" शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली.

"वाचू दे बाई. सवय आहे."

सवय नव्हती ती, भीती होती.

चारच्या सुमारास एकच चावी उरली. मालकाच्या रकान्यात काही नाही. नाव होतं 'मास्तर-दोन'. ताईचं बोट त्या ओळीवरच थांबलं.

मास्तर म्हणजे तिला हे काम शिकवणारा माणूस. कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण समजावून सांगायची हौस दांडगी, म्हणून मास्तर. तीन वर्षांपूर्वी ते चहाला गेले असताना ताई घाईघाईत त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसली. जुने सर्व्हर काढायचे होते. तिने नावाची तीन अक्षरं लिहून पुढे तारांकन टाकलं आणि यादी न बघताच एंटर दाबलं. त्याच तीन अक्षरांनी सुरू होणारे चालू सर्व्हरही गेले. दिवसभर दवाखान्यांत रुग्ण ताटकळले. नोंदीत नाव मास्तरांचं. तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, नवरा घरी बसलेला. ती गप्प राहिली, आणि पंधरवड्यात मास्तरांना नोकरी सोडून जावं लागलं.

तिने त्या चावीचा सर्व्हर शोधला. चालू होता. डायलिसिसच्या रुग्णांना त्यांच्या वेळेचे निरोप पाठवत होता, कोणाचं लक्ष नसताना, बिनबोभाट. आत शिरल्याशिवाय चावी बदलता येत नव्हती, आणि तिचा दुसरा भाग कंपनीत कोणाकडेच नव्हता.

"बंद करून टाका," साहेब म्हणाले. "ओरड झाली तर बघू."

"ओरडायला डायलिसिसचा माणूस उठून येणार आहे का साहेब? मला एक दिवस द्या."

तिने फोन लावला. तीन वर्षांनी.

"चावी आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "जाताना परत देत होतो, कोणी घेतली नाही. फोनवर मिळणार नाही. घरी ये."

दुसऱ्या दिवशी दार त्यांच्या बायकोने उघडलं. 'या' म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. मास्तर आता घरीच बसून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. टेबलभर उघडी यंत्रं, स्क्रूच्या वाट्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी खणातून पेनड्राइव्ह काढून तिच्यापुढे ठेवला.

ताईने तो उचलला नाही.

"मास्तर, त्या दिवशी मी—"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. चहा पिऊन आलो तर तू पांढरीफटक. मी काय दुधखुळा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. पंधरा दिवस थांबलो, अगं."

ताईला रडूही आलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. आतून बायकोचा आवाज आला, "मी सांगितलं होतं, बोला म्हणून. हे म्हणाले, तिचं मूल लहान आहे."

मग मास्तर म्हणाले, "माफ केलंय असं म्हणणार नाही. खोटं होईल. पण चावी घे, त्या रुग्णांचा काय दोष?"

त्या दुपारी ती सर्व्हरमध्ये शिरली, तिने नवी चावी बसवली, त्या चावीने आत जाता येतं हे दोनदा पाहिलं आणि मगच जुनी काढली. मग साहेबांपुढे उभी राहून तिने सगळं सांगितलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ते माझ्या आधीचं आहे, ताई. कशाला मढी उकरता?"

"उकरते. माझंच आहे ते."

जागेवर येऊन तिने सगळ्या कंपनीला पत्र लिहिलं. चूक माझी होती, मास्तरांची नव्हती, आणि मी तीन वर्षं गप्प बसले. चार ओळींना तासभर लागला. यादी वाचावी तसं एकेक शब्द वाचून तिने ते पाठवलं, आणि मास्तरांनाही एक प्रत.

कंपनीतून दोघांचीच उत्तरं आली. बाकीच्यांना त्या नावाचा माणूसच आठवत नव्हता. सहाला मास्तरांचा निरोप आला: "वाचलं. हिलाही वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दोनदा वाचायला लावलं."

ताईने फोन पालथा ठेवला. आतापर्यंतची चाव्यांची यादी क्लाउडच्या एकाच केंद्राची, म्हणजे एकाच ठिकाणच्या यंत्रांची होती. दुसऱ्या केंद्राची अजून बाकी होती. तिने कमांड लिहिली. एकशे सत्त्याण्णव. ती बोट ठेवून पहिली ओळ वाचू लागली.