सावलीतला ड्रायर

टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा तोफ टोमॅटो चिरत बसली होती.

तोफ हे काही तिचं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच वर्षी पाण्याच्या पाळीवरून तिने शेजारच्या शेतकऱ्याला असा झाडला होता, की तो बिचारा कालव्यात पाय घसरून पडला. तेव्हापासून गाव तिला तोफ म्हणू लागलं. सासू तर चारचौघांत अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे कुत्रं पाळायची गरज नाही, आमची तोफ आहे."

टेम्पोतून दोन हमाल उतरले. मागून मोटारसायकलवर सर आला. सर म्हणजे एका संस्थेचा प्रशिक्षक, तिशीच्या आतबाहेरचा पोरगेलासा माणूस. दोन वर्षांपूर्वी तो गोदामाच्या ओसरीवर फळा टांगून शिकवायला लागला, तेव्हा लोक म्हणाले होते, हा काय आम्हाला शेती शिकवणार! पण तो चिकाटीचा निघाला. हवामानाचा भरवसा उरला नाही, तर सगळी लावणी एकदम करू नका, टप्प्याटप्प्याने करा, म्हणाला. मातीवर पेंढ्याचं आच्छादन घाला, म्हणाला. तोफेने आणि तिच्या बचत गटातल्या बायकांनी ते केलं. त्या उन्हाळ्यात आजूबाजूची रोपं करपली आणि यांच्या वाफ्यांत ओल टिकून राहिली. मग सर म्हणाला, नुसता माल पिकवून भागत नाही, तो विकायचा कसा तेही शिका. भाव पडला की टोमॅटो वाळवा. संस्थेने उन्हावर चालणारा ड्रायर दिला: चार पायांवर उभी काळ्या पत्र्याची पेटी, वर काच, आत जाळीची ताटं. शहरातल्या सूपच्या कारखान्याने माल घ्यायचं कबूल केलं. जी तोफ कधी कोणाला बरं म्हणत नव्हती, ती सराला बरं म्हणायला लागली. त्याहून मोठी शाबासकी गावात कोणाला मिळाली नव्हती.

यंदा मात्र आभाळ बरेच दिवस झाकोळून राहिलं आणि मग एकाएकी ऊन तापलं. टप्प्याटप्प्याने लावलेले टोमॅटोसुद्धा एकदमच लाल झाले. बाजारात त्यांना कोणी विचारेना. लोक वैतागून बांधावर ओतू लागले. गटातल्या बायका निश्चिंत होत्या. त्यांच्याकडे ड्रायर होता.

"आलात का सर? बरं झालं," तोफ सुरी न थांबवता म्हणाली. "ताटं कमी पडतायत. आणखी मिळतील का बघा."

सराने हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं. "ताई, ड्रायर न्यायचाय."

"कुठे?"

"शहरात प्रदर्शन आहे. बाहेरचे पाहुणे येणार आहेत. आपल्या गटाची यशोगाथा मांडायचीय, असं साहेब म्हणाले."

"आज?"

"आजच. आठवड्यात परत आणून देतो."

तोफेने सुरी खाली ठेवली. ओसरीभर क्रेट रचलेले होते, अंगणात तेवढेच, आणि शेतात तोडायचा माल त्याहून जास्त. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही एक करा. या टोमॅटोंना सांगा, आठवडाभर थांबा म्हणावं. तुमचं ऐकतील. तुमच्याच हाताखाली वाढलेत."

हमालांपैकी एक हसला. सर हसला नाही. त्याने साहेबांना फोन लावून दिला. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. त्यांचा आवाज गुळासारखा होता. "ताई, गैरसमज नको. यंत्र संस्थेचं आहे, तुम्हाला वापरायला दिलंय. आणि तुम्हीही या ना, चार शब्द बोला. चांगले कपडे घालून या."

तिने सराकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं, एवढीच तिची अपेक्षा होती. माल सडेल हे त्याच्याइतकं त्या साहेबाला कळत नसणार. सर टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिला.

ड्रायर गेला.

बायकांनी अर्धवट सुकलेल्या फोडी गच्चीवर पसरल्या. वारा धूळ घेऊन आला, मुंग्या रांग लावून आल्या. पुन्हा ढग आले आणि फोडींवर काळी बुरशी चढली. धाकटी जाऊ एकेक क्रेट खड्ड्यात ओतताना हमसून हमसून रडली. पेंढा तिने अंथरला होता, पाठ तिची मोडली होती. तोफ रडली नाही. ती भांडी आपटत राहिली, कोणी हाक मारली की वस्सकन अंगावर जात राहिली. तिला साहेबाचा राग होताच, पण सराचा जास्त होता. अडाण्याने घर मोडलं तर माणूस कपाळावर हात मारून घेतो. जाणत्याने मोडू दिलं तर काय करायचं?

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "मोठ्या लोकांशी कोण भांडणार?"

"तुम्ही कोणाच्या बाजूचे? त्यांच्या की माझ्या?"

"मी टोमॅटोच्या बाजूचा," तो सावधपणे म्हणाला.

"मग ट्रॅक्टरला ट्रॉली जोडा."

उरलेले क्रेट, सुऱ्या, पाट आणि गटातल्या बायका असं सगळं ट्रॉलीत चढलं. सासू म्हणाली, "मीही येते. इतकी वर्षं तोफेचा आवाज गावातच ऐकला, एकदा बाहेरचाही ऐकू दे."

प्रदर्शन एका भल्यामोठ्या सभागृहात होतं. खाली गालिचा, वर पांढरे दिवे, अंगावर काटा येईल असा गारवा. पार आतल्या कोपऱ्यात, खिडकी नाही की झरोका नाही अशा जागी, त्यांचा ड्रायर उभा होता. शेजारी तोफेचा माणसापेक्षा मोठा फोटो, हसरा. ताटांमध्ये लालभडक टोमॅटो मांडले होते. तिने एक उचलला. तो पिसासारखा हलका होता. प्लास्टिकचा.

तिने तो मुठीत घट्ट आवळला.

"सर!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाच्या हातून पेला निसटला. सर कुठूनसा धावत आला. "पहिल्या दिवशी आम्हाला काय शिकवलं होतं? सावलीत ठेवला तर हा काय?"

"ताई, हळू..."

"काय, ते सांगा!"

"नुसतं कपाट," सर पुटपुटला. "साहेबांना म्हटलं होतं मी. ते म्हणाले, आतच चांगलं दिसेल."

"एकदा म्हटलं आणि गप्प बसलात. आमच्याकडे धाकटी रडून रडून आजारी पडली, आणि तुम्ही इथे खोटे टोमॅटो मांडताय!"

तेवढ्यात व्यासपीठावरून तिच्या गटाचा पुकारा झाला. साहेब हसतमुखाने ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. समोर पाहुण्यांच्या रांगा. तोफ चढून वर गेली. प्लास्टिकचा टोमॅटो तिच्या मुठीतच होता.

"नमस्कार," ती म्हणाली. "आम्हाला हवामान बदललं तर शेती कशी करायची ते शिकवलं. चांगलं शिकवलं. धंदाही शिकवला. आणि ऐन हंगामात आमचं यंत्र उचलून इथे अंधारात आणून ठेवलं. आत मांडलेला माल हा असा आहे." तिने तो टोमॅटो मेजावर टाकला. टक असा पोकळ आवाज करून तो उड्या मारत खाली गेला. "आमचा खरा माल बाहेर ट्रॉलीत सडतोय. ज्यांना यशोगाथा बघायची आहे त्यांनी वासाच्या मागे या."

ती उतरली आणि थेट ड्रायरकडे गेली. बायकांनी चारही पाय धरले. गालिच्यावर ओरखडे काढत, खुर्च्या बाजूला सारत ड्रायर दाराकडे निघाला. सासू पुढे होऊन "सरका, सरका" करत वाट काढत होती. दारातून नेताना एका कोपऱ्यात काच तडकली.

साहेब धावत बाहेर आले. आता आवाजातला गूळ संपला होता. "ही संस्थेची मालमत्ता आहे. मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. चिरायला हात कमीच पडतायत."

गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत, रणरणत्या उन्हात ड्रायर उभा राहिला. बायका तिथेच पाट मांडून बसल्या. सुऱ्या चालू लागल्या, रस डांबरावर ओघळला, माश्या घोंगावल्या. पाहुणे खरोखरच वासामागे बाहेर आले होते. त्यातली एक गोरीपान म्हातारी बाई भारावून टाळ्या वाजवू लागली, मग बाकीचेही. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पालटला. "हेच!" ते हात पसरून म्हणाले. "हेच प्रात्यक्षिक आम्हाला दाखवायचं होतं. ही आमच्या प्रशिक्षणाची ताकद!"

आतापर्यंतचा राग काहीच नव्हता असा राग तोफेला त्या टाळ्यांचा आला. सडण्याचं दुःख तरी तिचं स्वतःचं होतं, तेही हा माणूस आपल्या नावावर करून घेत होता. तिने क्रेटच्या तळातून एक पिचलेला, बुरशी धरलेला टोमॅटो काढला, साहेबांचा पसरलेला हात धरला आणि त्यावर ठेवला. घाण पाणी त्यांच्या बाहीत शिरलं.

"धरा," ती म्हणाली. "हे तुमचं. बाकीचं आमचं. आणि टाळ्या बंद करा, हा तमाशा नाही."

टाळ्या थांबल्या. साहेब हात लांब धरून उभे राहिले. पोलीस आले नाहीत. संध्याकाळी ड्रायर ट्रॉलीत चढवला तेव्हा अडवायलाही कोणी आलं नाही.

पण गोष्ट एवढ्यावर गोड झाली नाही. माल थोडाच वाचला. सूपच्या कारखान्याने तेवढा घेतला आणि बाकीची मागणी दुसरीकडे वळवली. संस्थेने गटाचं नाव कार्यक्रमातून काढून टाकलं. ताटं दुरुस्त करून देणारं कोणी उरलं नाही. गावातल्या काहींनी ऐकवलं, तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं. तोफेने त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काही आठवड्यांनी सर आला. मोटारसायकलच्या मागे जुन्या खिडक्यांच्या काचा बांधलेल्या होत्या. नोकरी सोडली, म्हणाला. दुसरा ड्रायर आपणच बनवू, मोठा, गटाच्या मालकीचा.

"माझं चुकलं, ताई."

"चुकलंच."

सासूने त्याला चहा दिला. तोफ चहाच्या वेळी आतच थांबली. नंतर बाहेर येऊन तिने काचा एकेक करून उजेडात धरून पाहिल्या, तडा गेलेल्या दोन बाजूला काढल्या. धाकटी पत्र्याला काळा रंग देऊ लागली, नवऱ्याने करवत घेतली. सर चौकटीला खिळे ठोकत होता. मग त्याने हळूच विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे," तोफ म्हणाली. "आणि तो खिळा वाकडा चाललाय. काढा, नीट ठोका."