देवाची वाटी

भाकरी थापता थापता अनसूयेचा हात परातीतच थांबला. दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली ती याच उजव्या मनगटातून. तिथला निळा डाग अजून गेला नव्हता. त्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, त्या भरायच्या राहूनच गेल्या. घरी येऊन आज नववा दिवस.

"अगं, भूक लागली की," नारायणराव बाहेरून म्हणाले. तिने तवा चढवला.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला, तेव्हा तिने मिठाची बरणी फडताळात अगदी वर ठेवून दिली होती. वर्षभर, त्यांचं पथ्य सुटेपर्यंत, तीही त्यांच्यासोबत अळणी जेवली. रोज पाण्याची बाटली घेऊन सिद्धेश्वर तलावाकाठी त्यांच्या मागे चालली. सोळा सोमवार केले.

तिच्या वेळी नुसती पाठ दुखली, मळमळलं. पित्त असेल म्हणून तिने सोमवारचा उपास पुरा केला आणि मग सांगितलं. उशीर केला म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. घरी सोडताना मीठ कमी, विश्रांती, रोज थोडं चालणं, सगळं तिलाही सांगितलं. नारायणरावांनी मान डोलावली होती. बार्शीची नणंद, मथुराबाई, तीन दिवस राहिली. "वैनी, बायामाणूस लई चिवट असतंय. उठताल बघा," म्हणून गेली. चौथ्या दिवशी अनसूया उठली.

परवा आमटीत मीठ कमी घातलं, तर नारायणरावांनी वाटी बाजूला सरकवली. रागावले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हे. "घशाखाली उतरंना गं," एवढंच म्हणाले. वेगळी आमटी करायला ओट्याशी उभं राहायचं बळ नव्हतं. आणि त्यांच्या आधी स्वतःचं वाढून ठेवणं चाळीस वर्षांत तिला कधी जमलं नव्हतं.

आज आमटीला उकळी फुटली. तिने आधी देवाची वाटी भरली, मग पातेल्यात मीठ टाकलं.

देव्हाऱ्यापुढे बसताना धाप लागली. वाटीभोवती पाणी फिरवून ती हळूच म्हणाली, "देवा, आजपासून तुला अळणी. तेवढं माझ्यापायी गोड मानून घे."

त्यांचं जेवण उरकल्यावर ती तीच वाटी घेऊन भिंतीला टेकून बसली. नारायणरावांनी हात पुढे केला. तिने थेंबभर प्रसाद तळव्यावर घातला. त्यांनी तो चाखला.

"मीठ विसरलीस की गं. थांब, उठू नको."

ते स्वतः उठले. चार बरण्या उघडून पाहिल्या. मीठ सापडलं, तेव्हा चिमूटभर घेऊन त्यांनी तिच्या वाटीत घातलं, बोटाने ढवळलं आणि समाधानाने म्हणाले, "खा आता."

प्रसाद टाकायचा नसतो. अनसूयेने वाटी कपाळाला लावली आणि भाकरीचा तुकडा मोडला.